शिंगं नको, दात बघा

दहावीचा निकाल लागला की येरमाळ्यात माझ्याकडे पालक एकच प्रश्न घेऊन येतात, सायन्स की डिप्लोमा. पोरं मात्र प्रश्न विचारत नाहीत, थेट घोषणा करतात : "सर, आय सेव्हन मिळाला, अठरा हजारांत!"

परवाच्या पोराचा डिप्लोमाला नंबर लागला होता. वडिलांनी राखून ठेवलेलं सोयाबीन विकून लॅपटॉप घेतला होता. कुठल्याशा कंपनीतून निघालेला, पुसूनपासून चकाचक केलेला, कीबोर्डच्या कडेला निळं स्टिकर. "आय सेव्हन म्हणजे सगळ्यात वरचा ना?" वडिलांनी विचारलं.

नाही हो! किती वेळा सांगू? थ्री, फाइव्ह, सेव्हन ही एकाच पिढीतली उतरंड आहे. त्या साली जन्मलेल्या भावंडांत थोरला कोण, एवढंच तो आकडा सांगतो. या लॅपटॉपमधला प्रोसेसर निघाला आय ७-६६००यू. सहावी पिढी, २०१५ सालची, कोअर दोन. २०२२ मध्ये आलेल्या आय ३-१२१५यू मध्ये सहा कोअर आहेत. विश्वास बसत नसेल तर इंटेलच्या संकेतस्थळावर दोन्ही नंबर टाकून बघा.

बैल घेताना नुसती शिंगं बघून कोणी इसार देतं का? तोंड उघडून दात बघतात, दोनदाती, चारदाती की जुळलेला. 'आय सेव्हन' ही रंगवलेली शिंगं. दात पुढच्या आकड्यात. ६६०० म्हणजे सहावी पिढी, ८३५० म्हणजे आठवी. नंबर १ ने सुरू होत असेल तर पहिले दोन अंक धरायचे, १२१५ म्हणजे बारावी. शेवटी यू असेल तर बॅटरी जपणारा, एच असेल तर ताकदीचा आणि तेवढाच खादाड. गंमत म्हणजे २०२३ च्या अखेरीपासून खुद्द इंटेलनंच नव्या प्रोसेसरच्या नावातून तो 'आय' काढायला सुरुवात केली. आपल्याकडे अजून त्याच्याच नावानं भाव ठरतो.

बरं, प्रश्न नुसत्या वेगाचा नाही. मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला. विंडोज ११ साठी त्यांच्या यादीत, एखाददुसरा अपवाद सोडला तर, इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढचेच प्रोसेसर आहेत. विकणारे जुगाड करून सहाव्या पिढीवरही ११ टाकून देतात. चालतं, पण पुढचे अपडेट मिळतीलच अशी हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही.

जुन्या लॅपटॉपला माझा विरोध नाही. याच पोरानं दोन-तीन हजार जास्त टाकून जुनाच आय ५-८३५०यू घेतला असता तर चार कोअर मिळाले असते आणि यादीतही बसला असता. पण स्टिकरवर 'फाइव्ह' होतं ना!

दुकानात मशीन चालू करायला लावा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडतो. त्यात 'परफॉर्मन्स'. सीपीयूवर क्लिक केलं की वर उजव्या बाजूला पूर्ण नाव दिसतं, नंबरासकट. मेमरीवर रॅम कळते, डिस्कपाशी एसएसडी आहे की एचडीडी ते. अर्ध्या मिनिटाचं काम. दुकानदार नको म्हणाला तर दुसरं दुकान बघा.

बाकीचे गैरसमज पटापट उरकतो. "एक टीबीवाला फास्ट असतो" : जागा मोठी म्हणजे वेग मोठा नव्हे, फिरत्या तबकडीच्या १ टीबीपेक्षा २५६ जीबीची एसएसडी केव्हाही बरी. "इंजिनिअरिंगला गेमिंग लॅपटॉपच लागतो" : सी आणि पायथन शिकायला ८ जीबी रॅम पुरते. अडीच किलोचं धूड आणि दोन तासांत मान टाकणारी बॅटरी घेऊन रोज एसटीनं बार्शी करून दाखवा, मग बोलू. "मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर विकत घ्यावं लागतं" : विंडोजमध्ये देवनागरी कीबोर्ड असतोच, सेटिंगमध्ये जाऊन सुरू करा. "सरकार फुकट लॅपटॉप देतंय, लिंक भरा" : असले मेसेज खोटे असल्याचं केंद्राच्या पीआयबी फॅक्ट चेकनं अनेकदा सांगितलंय, तरी येडेश्वरीच्या चैत्री यात्रेत माणसं लोटावीत तसे ते लोटतात.

निघताना वडिलांनी हळूच विचारलं, "चार्जिंगला लावून वापरला तर फुटतो म्हणं?"

बॅटरी भरली की चार्जिंग आपोआप थांबतं. तिचं आयुष्य खाते ती उष्णता. खाटेवर वाकळ, वाकळीवर लॅपटॉप, खालची हवेची जाळी बुजलेली आणि आतला पंखा किंचाळतोय, हे मी घरोघरी बघतो. खाली पाट ठेवा. पाट नसेल तर परात उपडी घाला.