जॅक्सनच्या दफ्तरातले अर्ज

३ डिसेंबर १८६५ रोजी अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्याच्या क्लेबोर्न काउंटीतून तिथल्या कृष्णवर्णीयांनी गव्हर्नरला एक पत्र लिहिलं. गुलामगिरी देशभर रद्द करणाऱ्या तेराव्या घटनादुरुस्तीला पुरेशा राज्यांची मंजुरी मिळायला अजून तीन दिवस होते. मिसिसिपीने मात्र युद्ध हरल्यावर, नाइलाजाने, ऑगस्टमध्येच आपल्यापुरती ती रद्द करून टाकली होती. पत्रातला प्रश्न सरळ होता. मिसिसिपीने गुलामी रद्द केली म्हणतात, ती मनापासून की वेळ मारून नेण्यापुरती? आमच्यामागे पुन्हा कुत्री सोडू नका. खूनखराबा करून हक्क मिळवायचा आमचा विचार नाही. माणसासारखं वागवा, एवढंच मागणं. आणि पुढे एक वाक्य येतं, तिथे वाचणारा थबकतो. दक्षिणेच्या फुटीर सरकारचा अध्यक्ष जेफरसन डेव्हिस तेव्हा कैदेत होता. त्याला सोडून द्यावं असं आमच्यातल्या काहींना वाटतं, असं हे लोक लिहितात. आम्हाला गुलाम ठेवायची त्याने शिकस्त केली, पण त्याच्याहून वाईट मालक आम्ही पाहिलेत.

यात ज्यांना भोळेपणा दिसेल त्यांनी पत्र कोणाला लिहिलंय ते पाहावं. गव्हर्नर बेंजामिन हम्फ्रीज काही महिन्यांपूर्वीपर्यंत त्याच डेव्हिसच्या सैन्यात ब्रिगेडियर जनरल होता. आदल्याच महिन्यात त्याच्या राज्यात ते कायदे झाले होते, जे पुढे ‘ब्लॅक कोड’ म्हणून बदनाम झाले. नव्याने मुक्त झालेल्या माणसाने जानेवारीपासून आपण कुठे राहतो, कोणाकडे काम करतो याचा लेखी पुरावा जवळ बाळगायचा. नसेल तर तो उनाड. दंड भरता आला नाही तर त्याला कोणाच्या तरी शेतावर राबायला द्यायचं. पोरकी मुलं ‘उमेदवारी’च्या नावाखाली बांधून द्यायची, आणि त्यात पहिला मान जुन्या मालकाचा. गावाबाहेर जमीन खंडाने घ्यायची नाही. असे कायदे करणाऱ्यांच्या दारात न्याय मागायचा, तर आधी त्यांच्या पुढाऱ्यावर दया दाखवलेली बरी, हे लिहिणाऱ्यांना नेमकं कळलं होतं. ज्या राज्यात गुलामांना जमवून लिहा-वाचायला शिकवण्यावर कायद्याने बंदी होती, तिथल्या माणसांचा हा अर्ज आहे. मला तरी तो त्या काळातल्या बऱ्याच वकिली लिखाणापेक्षा सरस वाटतो.

यादवी युद्धानंतरचा पुनर्रचनेचा काळ साधारण १२ वर्षांचा, आणि मिसिसिपीपुरता १८७६च्या वसंतातच संपलेला. या काळात राजधानी जॅक्सनला गव्हर्नरच्या टेबलावर जे आलं त्याचा मोठा भाग राज्याच्या पुराभिलेख विभागात टिकून आहे. युद्धकाळ धरून सुमारे २० हजार कागद. हे वाचताना पहिल्यांदा जाणवतं ते त्यांचं साधेपण. तुरुंगातल्या नवऱ्याची शिक्षा माफ करा, नेमणूक द्या, आमच्या काउंटीतला न्यायाधीश लाच घेतो, शाळेला मास्तर नाही, घोडाचोराला पकडणाऱ्यावर इनाम लावा. माफीचे अर्ज तर ढिगांनी. त्यांना शेजाऱ्यांच्या सह्यांची पुरवणी जोडलेली असे, आणि सही येत नसेल तिथे फुलीची खूण करून साक्षीदाराने बाजूला नाव लिहायचं. आपल्याकडच्या जुन्या कागदांवर कुणब्याच्या नावापुढे नांगराची निशाणी असे, तसंच हे. पत्राची घडी घालून पाठीवर कारकून चार गोष्टी टिपून ठेवी: कोणाचं, कुठून, कधीचं, कशाबद्दल. नशीब असेल तर पाचवी, म्हणजे त्याचं काय केलं ती. अर्जदाराने चार पानं भरून सांगितलेली कर्मकहाणी पाठीवर एका ओळीत मावलेली दिसते. सरकारी कचेरी कुठलीही असो, तिचा हा स्वभाव बदलत नाही.

पण मिसिसिपीचे अर्ज इतर राज्यांच्या कागदांपेक्षा वेगळ्या वजनाचे आहेत, आणि त्याला कारण आकडे आहेत. १८६०च्या जनगणनेत राज्याची वस्ती ७,९१,३०५ होती. त्यातले ४,३६,६३१ गुलाम. म्हणजे निम्म्याहून अधिक माणसं एका पिढीच्या आत मालमत्तेच्या यादीतून उठून अर्जदार झाली, आणि १८६७नंतर त्यांचे पुरुष मतदार झाले. १८६९ला मंजूर झालेल्या नव्या घटनेने न्यायाधीशांच्या नेमणुका गव्हर्नरच्या हाती दिल्या. त्यामुळे जॅक्सनच्या पत्त्यावर लिहिण्यात अर्थ होता. तिथून खरोखर काही घडू शकत होतं.

ते घडवणाऱ्यांपैकी एक म्हणजे अ‍ॅडेलबर्ट एम्स. मेन राज्यातल्या रॉकलंडचा, वेस्ट पॉइंटला शिकलेला, बुल रनच्या पहिल्या लढाईत मांडीत गोळी लागूनही तोफेजवळून न हललेला अधिकारी. १८६८मध्ये लष्कराने त्याला मिसिसिपीचा हंगामी गव्हर्नर नेमलं. पुढच्या वर्षी त्याने नॅचेझच्या जॉन रॉय लिंचला जस्टिस ऑफ द पीस, म्हणजे स्थानिक न्यायाधीश, केलं. गुलामीत जन्मलेला, फोटोग्राफीच्या दुकानात काम करणारा २१ वर्षांचा पोरगा. हाच लिंच १८७२मध्ये राज्याच्या विधानसभेचा स्पीकर झाला आणि पुढच्याच वर्षी वॉशिंग्टनला प्रतिनिधिगृहात जाऊन बसला.

१८७३ साल इथे जरा थांबून पाहण्यासारखं आहे. त्या वर्षी पुण्यात जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली आणि ती अर्पण केली अमेरिकेतल्या त्या सज्जनांना, ज्यांनी काळ्या लोकांना दास्यातून सोडवलं. त्याच वर्षी मिसिसिपीच्या मतदारांनी एम्सला सुमारे २० हजारांच्या आघाडीने गव्हर्नर म्हणून निवडून दिलं, आणि त्याच्यासोबत उपगव्हर्नर, सेक्रेटरी ऑफ स्टेट आणि शिक्षणप्रमुख असे तीन कृष्णवर्णीय अधिकारी. फुल्यांनी ज्या अमेरिकेचे आभार मानले ती दोन वर्षांत हात झटकणार होती. पुण्यात बसून ते दिसण्याची सोय नव्हती.

अर्ज हे दुबळ्याचंच हत्यार असतं असा एक समज आहे. तो इथे टिकत नाही. जानेवारी १८७५मध्ये जमीनदारांच्या करदाता परिषदेने विधिमंडळाला निवेदन दिलं: जमिनीवरचा राज्याचा कर १८६९च्या मानाने चौदापट झाला! आकडा खोटा नव्हता. पण १८६९च्या आधी राज्यात सर्वांसाठी सरकारी शाळा नव्हत्या आणि लढाईपूर्वी जमिनीवर जेमतेम कर होता, हे निवेदनात कुठे येत नाही. उधळपट्टी झाली होती, भ्रष्टाचारही होता. एम्सच्या पाठीराख्यांनी हे नाकारण्यात अर्थ नाही. तरी करांची तक्रार आणि बंदुका एकाच माणसांच्या हाती होत्या, हे व्हिक्सबर्गने दाखवून दिलं. तिथल्या करदात्यांच्या जमावाने डिसेंबर १८७४मध्ये निवडून आलेल्या काळ्या शेरीफला, पीटर क्रॉस्बीला, राजीनामा द्यायला भाग पाडलं. शेरीफच कर गोळा करी, म्हणून ती जागा मोक्याची. क्रॉस्बीच्या बाजूने ७ डिसेंबरला शहराकडे निघालेले लोक गोळ्यांनी टिपले गेले. मृतांचा सर्वांत कमी अंदाज २९ आहे. काहींनी तो ३००पर्यंत नेला.

१८७५च्या उन्हाळ्यापासून पत्रांचा सूर बदलतो. मास्तर, नेमणुका, घोडे मागे पडतात. १ सप्टेंबरला याझू सिटीत एम्सच्या रिपब्लिकन पक्षाची सभा उधळली गेली आणि शेरीफला पळून जावं लागलं. ४ तारखेला क्लिंटनला एका राजकीय मेजवानीत गोळीबार झाला. नंतरचे काही दिवस गोऱ्या टोळ्या आसपासच्या भागात माणसं हेरून मारत फिरल्या. माणसं जीव घेऊन जॅक्सनला आली, आणि ज्यांना येता आलं नाही त्यांनी लिहिलं. ही पत्रं कानाला ऐकू येतील तशा स्पेलिंगमध्ये, पूर्णविरामाशिवाय, घाईत लिहिलेली आहेत. ते आज हत्यारं घेऊन निघालेत. सहा जणांना फाशी दिलं. आम्हाला मतपत्रिका मिळू देत नाहीत. सैन्य पाठवा, लवकर पाठवा. एकात तर नुसतं विचारलंय: गव्हर्नर, आम्हाला संरक्षण म्हणून काही नाहीच का?

आता या सगळ्या व्यवस्थेतली गोम पाहा. लोकांचा अर्ज ज्याच्याकडे जातो त्याच्या हातात काही असावं लागतं. एम्सकडे नव्हतं. म्हणून सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात गव्हर्नर स्वतःच अर्जदार झाला आणि त्याने अध्यक्ष ग्रँटकडे सैन्य मागितलं. ग्रँट न्यू जर्सीतल्या लाँग ब्रँचला समुद्रकिनारी मुक्कामाला होता. उत्तर आलं ते अ‍ॅटर्नी जनरल एडवर्ड्स पिअरपाँटमार्फत. दक्षिणेतल्या या दरवर्षीच्या शरद ऋतूतल्या दंगलींना सगळी जनता कंटाळली आहे, असा त्याचा मथितार्थ. आधी तुमचं तुम्ही बघा. लिंचने पुढे आपल्या पुस्तकात लिहिलंय की ग्रँटने हे त्याच्यापाशी कबूल केलं: सैन्य पाठवलं असतं तर ऑक्टोबरात ओहायोची निवडणूक हातची गेली असती, असं पक्षाच्या लोकांनी त्याला बजावलं होतं. क्लेबोर्न, याझूचे अर्ज ओहायोच्या मतपेटीपाशी अडले.

एम्सने राज्याची मिलिशिया उभी करायचा प्रयत्न केला. ऑक्टोबरात राज्याच्या सेनेटचा काळा सदस्य चार्ल्स काल्डवेल सशस्त्र तुकडी घेऊन क्लिंटनच्या भागातून संचलन करत गेला. पण १३ तारखेला विरोधकांशी ‘शांतता करार’ झाला आणि मिलिशिया घरी पाठवली गेली. करार एकाच बाजूने पाळला. एम्सला शेवट दिसत होता. आपल्या बायकोला, ब्लँचला, त्याने त्या सुमारास लिहिलं की एका वंशाचा मताधिकार शस्त्रांच्या बळावर काढून घेतला जातोय आणि ही दुसरी गुलामी आहे. नोव्हेंबरच्या मतदानात याझू काउंटीत, जिथे काळ्यांची बहुसंख्या होती तिथे, रिपब्लिकनांना सात मतं पडली. नाताळच्या आठवड्यात एका रात्री काल्डवेलला क्लिंटनमध्ये दारू प्यायला बोलावून मारलं. २९ मार्च १८७६ रोजी, नव्या विधिमंडळाने आणलेले महाभियोगाचे आरोप मागे घेण्याच्या अटीवर, एम्सने राजीनामा दिला.

म्हणजे अर्ज म्हणून ही पत्रं फुकट गेली. पुरावा म्हणून मात्र गेली नाहीत. त्याच वर्षी अमेरिकन सेनेटच्या जॉर्ज बाउटवेल समितीने या निवडणुकीची चौकशी केली. तिच्या दोन जाडजूड खंडांत साक्षींसोबत गव्हर्नरला आलेली पत्रंही छापली गेली. यानंतरची साठ-सत्तर वर्षं नामांकित विद्यापीठांतले इतिहासकार लिहीत राहिले की पुनर्रचना म्हणजे अडाण्यांच्या हाती सत्ता देण्याची चूक होती. छापील पुरावा त्यांच्या ग्रंथालयांतही होता. त्यांनी तो उघडला नाही, किंवा उघडून खोटा ठरवला. दोन्हींपैकी दुसरं अधिक वाईट, असं माझं मत.

जाता जाता एक गंमत सांगायला हवी. १९५६मध्ये जॉन केनेडीच्या ‘प्रोफाइल्स इन करेज’ पुस्तकात एम्सच्या कारकिर्दीवर जुनेच शिंतोडे उडवलेले होते. एम्सची मुलगी ब्लँच एम्स हिने दुरुस्तीची मागणी करणारी पत्रं केनेडीला लिहायला सुरुवात केली, आणि तो अध्यक्ष झाला तरी थांबली नाही. तिचा नातू, लेखक जॉर्ज प्लिम्प्टन, सांगत असे की व्हाइट हाउसमध्ये केनेडीने त्याला बाजूला घेऊन विनवलं: तुझ्या आजीला आवर! पुस्तक दुरुस्त झालं नाही. शेवटी १९६४मध्ये तिने बापाचं चरित्र स्वतःच लिहून प्रसिद्ध केलं. अर्ज लिहिण्याचं व्रत त्या घरात उलट दिशेने पुढे गेलं म्हणायचं.

मिसिसिपीने लिंचनंतर प्रतिनिधिगृहात दुसरा कृष्णवर्णीय माणूस पाठवला तो १९८७मध्ये.

गव्हर्नरांचे हे कागद आता मूळ छायाचित्रांसह, वाचून काढलेल्या मजकुरासकट, इंटरनेटवर फुकट पाहता येतात. ज्यांना इंग्रजी वाचता येतं त्यांनी १८७५च्या सप्टेंबर-ऑक्टोबरपासून सुरुवात करावी, आणि मोठ्याने वाचावं. स्पेलिंगवर अडकलात तर शब्द कळणार नाहीत. तोंडाने म्हटले की लगेच कळतात.