रुरकीच्या वर्गात धरणावरची माणसे

रुरकीच्या आयआयटीतल्या जलसंपदा विकास व व्यवस्थापन विभागाची उभारणीच नोकरदार अभियंत्यांसाठी झाली. पाटबंधारे खात्यात काही वर्षे काढलेल्या, कालव्या-धरणांवर राबलेल्या माणसांना पुन्हा वर्गात बसवायचे, या हेतूने १९५५ साली आशियाई-आफ्रिकी देशांचे प्रशिक्षण केंद्र म्हणून तो सुरू झाला. १९७२ मध्ये युनेस्कोच्या मदतीने रुरकीतच जलविज्ञानाचा अभ्यासक्रमही आला. नेपाळ, इंडोनेशिया, इथिओपियातले अभियंते आपल्या राज्यांतल्या अभियंत्यांशेजारी बसून इथे एम.टेक. करत आले आहेत.

केंद्र सुरू झाले तेव्हा ही संस्था रुरकी विद्यापीठ होती आणि तिचे कुलगुरू होते अयोध्यानाथ खोसला. मूळचे कालव्यांवरचे अभियंते. पंजाबात अप्पर चिनाब कालव्यावरच्या सायफनांना पायाखालून झिरपणाऱ्या पाण्याने त्रास होऊ लागला, तेव्हा त्यांनी बांधकामात नळ्या बसवून तळाचा दाब प्रत्यक्ष मोजला. झिरपणाऱ्या पाण्याविषयीच्या ब्लायच्या प्रचलित सिद्धांताशी तो जुळेना. त्यातून निघालेली खोसलांची पद्धत १९३६ मध्ये प्रसिद्ध झाली आणि बंधाऱ्यांच्या पायाच्या आराखड्यांसाठी रूढ झाली.

आता हाताशी संगणक आहे, तरी गणित प्रत्यक्ष मोजमापाशी ताडून पाहणे सुटलेले नाही. पाणलोटात अमुक पाऊस पडला तर नदीला किती क्युसेक पाणी येईल, पुलापाशी ते केव्हा आणि किती चढेल, हे मॉडेल सांगते. पण आधी ते जुन्या पुरांवर बसवावे लागते. जमिनीत मुरणारे पाणी, पात्राचा खडबडीतपणा यांचे आकडे बदलत गणितातला पूर नोंदीतल्या पुराशी जुळवायचा आणि मग मुद्दाम बाजूला ठेवलेल्या दुसऱ्या पुरावर तपासायचा. आकडे हवे तसे फिरवले की पहिला आलेख कसाही जुळवता येतो. खरी परीक्षा दुसऱ्या पुराची.

अनुभवी अभियंता उपयोगी पडतो तो इथे. ऐन पुरात पातळीची पट्टीच पाण्याखाली गेली असेल, तर त्या रात्रीचा आकडा मोजलेला नसून अंदाजाने लिहिलेला आहे, अशी शंका त्याला येते. नुसते सॉफ्टवेअर शिकलेला तोच आकडा निमूटपणे यंत्रात भरतो.

सांगली-कोल्हापूरने २००५ आणि २०१९ चे महापूर सोसले आहेत. जलसंपदा खात्याने अशा शिक्षणासाठी तरुण अभियंते जरूर पाठवावेत. आणि परतल्यावर त्यांची बदली भलत्याच टेबलावर न करता त्यांना पूर नियंत्रण कक्षातच बसवावे.