भिंतीवरून चालत येणारी माणसं

रंगमंचाची मागची भिंत. तिच्या वरच्या टोकाला एक माणूस उगवतो आणि भिंतीवरूनच चालत खाली येऊ लागतो. तो लोंबकळत नाही, सरपटत नाही. पाय भिंतीला टेकलेले, अंग जमिनीला समांतर, आणि चाल मात्र बाजारातून घरी निघालेल्या गृहस्थाची. बघणाऱ्याचा तोल जातो. भिंत हाच रस्ता असून आपण कुठल्यातरी गच्चीवरून वाकून खाली बघतोय, असं क्षणभर वाटतं. तोवर रंगमंचावर दुसरीकडे पुस्तकांच्या पसाऱ्यातून, बादलीतून आणखी माणसं बाहेर येऊ लागलेली असतात.

हे नाटक म्हणजे ‘द स्ट्रीट ऑफ क्रॉकडाइल्स’. १९९२ साली लंडनच्या नॅशनल थिएटरमध्ये, कॉट्स्लो या तिथल्या सर्वांत लहान रंगमंचावर ते आलं, आणि ‘थिएटर द कॉम्प्लिसिते’ या मंडळीचं नाव जगभर झालं. फिजिकल थिएटर, म्हणजे शब्दांइतकंच किंवा त्याहून जास्त शरीराने सांगितलेलं नाटक, या प्रकाराची चर्चा निघाली की आजही हे नाव आधी येतं. अशा प्रयोगांना आपण ‘स्वप्नवत’, ‘काव्यमय’ म्हणतो आणि सगळं श्रेय दिग्दर्शकाच्या अचाट कल्पनाशक्तीला देऊन मोकळे होतो. मला ते पटत नाही. या मंडळीच्या नाटकांतलं स्वप्न तालमीच्या जागेत घाम गाळून तयार झालेलं असतं. शिवाय ते उगाच पडलेलं नसतं. जवळजवळ प्रत्येक वेळी त्याच्या मध्यभागी कुणीतरी मेलेलं किंवा हरवलेलं माणूस असतं.

सुरुवात १९८३ची. सायमन मॅकबर्नी आणि अ‍ॅनाबेल आर्डन हे इंग्रज, मार्चेल्लो मान्यी हा इटलीतल्या बेर्गामोचा आणि त्यांच्यासोबत फियोना गॉर्डन. पहिलं नाटक इंग्लंडच्या समुद्रकिनाऱ्यावर सुट्टीला जाणाऱ्या लोकांची गंमत करणारं. दुसरं ‘अ मिनिट टू लेट’, मृत्यू आणि अंत्यविधीवरचं, आणि तेही विनोदी. मॅकबर्नीचे वडील पुरातत्त्वज्ञ होते, ते १९७९ साली गेले होते. त्या दुःखाची सावली या विनोदावर आहे. मग १९८५ साली एडिंबरामध्ये ‘मोअर बिगर स्नॅक्स नाऊ’ला पेरिए पुरस्कार मिळाला. हा पुरस्कार विनोदी कार्यक्रमांचा. पुढे होलोकॉस्टवर नाटक करणारी ही माणसं मुळात विदूषकी करणारी होती, हे विसरून चालत नाही, कारण विदूषकाला लागणारी अचूक वेळ साधण्याची सवय त्यांच्या गंभीर नाटकांतही तशीच राहिली.

ही सवय लागली पॅरिसला, झाक लकॉक यांच्या शाळेत. लकॉक (१९२१–१९९९) नाटकात आले ते व्यायामशाळेतून. खेळ आणि शारीरिक शिक्षण हा त्यांचा मूळ विषय. नंतर ते आठ वर्षं इटलीत राहिले, पादुआत मुखवटे घडवणारे शिल्पकार आमलेतो सार्तोरी त्यांना तिथेच भेटले. १९५६ साली त्यांनी पॅरिसमध्ये शाळा काढली आणि १९७६ पासून ती एका जुन्या बॉक्सिंगच्या हॉलमध्ये भरू लागली. जागा विद्येला शोभणारीच म्हणायची.

अभ्यासक्रम दोन वर्षांचा. पहिल्या वर्षी विद्यार्थ्याच्या तोंडावर सार्तोरींनी घडवलेला चामड्याचा मुखवटा चढतो. त्यावर ना हसू, ना रडू, ना राग. चेहरा गेला की नटाचं हुकमी भांडवल जातं आणि उरतं ते फक्त शरीर. मग त्याने पाणी व्हायचं, आग व्हायचं, वितळणारं लोणी व्हायचं, चुरगळून टाकलेला कागद व्हायचं. ‘मी कागद आहे’ असं दाखवायचं नाही. कागद हळूहळू उलगडताना कुठे अडतो, कुठे झटका खातो, ते आपल्या पाठीच्या कण्यात आणायचं. दुसऱ्या वर्षी शोकांतिकेतला कोरस, इटालियन मुखवट्यांचं नाटक, बुफाँ, म्हणजे बेढब रूप घेऊन समाजाची टर उडवणारी सोंगं, आणि शेवटी विदूषकाचं लाल नाक, ज्याला लकॉक जगातला सर्वांत लहान मुखवटा म्हणत. शिवाय एक शिरस्ता असा, की विद्यार्थ्यांनी गटागटाने, शिक्षक समोर नसताना, दिलेल्या विषयावर काहीतरी रचायचं आणि सगळ्या शाळेसमोर ते करून दाखवायचं. एकत्र बसून नाटक रचणाऱ्या कितीतरी मंडळ्या या शिरस्त्यातून जन्मल्या.

लकॉक यांचा एक खेळ सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. रंगमंच ही एक मोठी फळी आहे आणि ती मधोमध एका टोकदार आधारावर तोललेली आहे, अशी कल्पना करायची. एक नट फळीवर आला की फळी कलते. मग दुसऱ्याने येऊन समोरच्या बाजूला अशा जागी उभं राहायचं, की फळी पुन्हा सरळ व्हावी. पहिला हलला की दुसऱ्याने हलायचं. नंतर तिसरा येतो, चौथा येतो, एका बाजूला एकटा नायक आणि दुसऱ्या बाजूला अख्खा कोरस. बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत. महिनोन्महिने हे केलं की दहा माणसांना एकमेकांकडे न बघता एकमेकांचं वजन कळू लागतं. कॉम्प्लिसितेच्या कार्यशाळांत दोघांच्या बोटांच्या टोकांमध्ये बांबूची काठी धरून चालण्याचा जो सराव होतो, तोही याच जातीचा. लक्ष स्वतःवरून काढून समोरच्यावर ठेवलं नाही तर काठी पडते.

आता पुन्हा त्या भिंतीकडे जाऊ. ‘स्ट्रीट ऑफ क्रॉकडाइल्स’ हे ब्रूनो शुल्झ या पोलिश ज्यू लेखकाच्या कथांवर आणि त्याच्या आयुष्यावर बेतलेलं. शुल्झ १८९२ साली द्रोहोबिच या गावी जन्मला. हे गाव आज युक्रेनमध्ये आहे. वडिलांचं कापडाचं दुकान होतं. तो शाळेत चित्रकला आणि हस्तकला शिकवायचा. त्याच्या कथांत हे वडील पक्षी पाळतात, हळूहळू स्वतःच पक्ष्यासारखे होतात, झुरळासारखे सरपटतात, दुकानातल्या कापडाच्या ठाणांमध्ये हरवून जातात. नाझींच्या काळात एका गेस्टापो अधिकाऱ्याने शुल्झला ‘आपला’ ज्यू म्हणून हाताशी ठेवलं. मुलाच्या खोलीत भित्तिचित्रं काढून घेतली, आणि जप्त केलेल्या पुस्तकांच्या याद्या करायच्या कामालाही त्याला जुंपलं गेलं. १९ नोव्हेंबर १९४२ रोजी दुसऱ्या एका गेस्टापो अधिकाऱ्याने त्याला भर रस्त्यात गोळी घातली.

नाटक सुरू होतं ते त्या याद्यांपाशी. नाटकात शुल्झच्या जागी असलेला जोसेफ एका गोदामात पुस्तकं निवडतोय. बाहेर बुटांचे आवाज. एक पुस्तक हातात येतं, तो ते हुंगतो, आणि त्या वासाबरोबर त्याचं सगळं हरवलेलं घर भिंतीतून, बादलीतून, पुस्तकांतून वर येऊ लागतं. म्हणजे भिंतीवरून चालणारा माणूस ही काही सर्कस नाही. आठवणीला वर-खाली नसतं, एवढंच तो सांगतो. पुढे नटांच्या हातांतली पुस्तकं पानं फडफडवत उडतात आणि वडिलांच्या पक्ष्यांचा थवा होतात. शाळेची लाकडी बाकं उचलली जातात, उलटी होतात, त्यांचं रान होतं. पुस्तक मात्र पक्षी झाल्यावरही पुस्तकच राहतं, लपवलेलं काहीच नाही. दोरी दिसते, हात दिसतात, धापा ऐकू येतात. आणि तरी थवा उडताना दिसतो, कारण दहा माणसं त्या फळीचा तोल सांभाळत असतात. ज्या पुस्तकांच्या याद्या करायला त्याला जुंपलंय, तीच त्याचं बालपण घेऊन उडतात, हे मग कुणी बोलून दाखवावं लागत नाही.

रे स्मिथ यांचं नेपथ्य, जेरार्ड मॅकबर्नी यांचं संगीत, आणि नट स्पेन, स्वित्झर्लंड, इंग्लंड असे ठिकठिकाणचे. जोसेफ करणारा सेझर साराचू स्पॅनिश. कुणाचेही उच्चार घासून एकसारखे केले नव्हते. द्रोहोबिचवर एका विसाव्या शतकातच अनेक राज्यांचे झेंडे फडकले; त्या गावाला ही सरमिसळ शोभून दिसली.

मराठी प्रेक्षकाला यातलं काही अगदीच परकं नाही. १९७२च्या ‘घाशीराम कोतवाल’मध्ये माणसांच्या रांगेचाच पडदा झाला होता. फरक असा, की जब्बार पटेलांची ती भिंत काहीतरी झाकत होती आणि झाकता झाकता समाजाचं पितळ उघडं पाडत होती. कॉम्प्लिसितेचा समूह बहुधा एकाच माणसाच्या डोक्याच्या आत असतो.

१९९४ साली जॉन बर्जरच्या कथेवरून ‘द थ्री लाइव्ज ऑफ लूसी काब्रोल’ आलं. आल्प्समधली एक खुजी, कजाग शेतकरी बाई. तिसरं आयुष्य ती मेल्यानंतर जगते. लिलो बाउरने केलेल्या या भूमिकेबद्दल स्वतंत्र लेख लिहिता येईल. मंचावर माती, फळ्या, बादल्या; गाई-गुरं आणि रानातली फळं नटच झाले होते.

मग १९९९चं ‘नेमॉनिक’. प्रेक्षक येऊन बसतात तेव्हा प्रत्येकाच्या खुर्चीवर एका पिशवीत झाडाचं पान आणि डोळ्यांवर बांधायची पट्टी असते. मॅकबर्नी पुढे येऊन स्मरणशक्तीवर गमतीशीर व्याख्यान देतो आणि मग पट्टी बांधायला सांगतो. अंधारात पानाच्या शिरा बोटांनी चाचपायच्या, आणि त्या फाट्यांवरून आई-वडील, त्यांचे आई-वडील असं मागे मागे जात राहायचं. पुरेसं मागे गेलं की हिशेब असा होतो की सभागृहातले सगळे एकमेकांचे नातलग ठरतात. पुढे दोन शोध एकमेकांत गुंफले जातात: आईच्या अंत्यविधीनंतर बापाच्या शोधात युरोपभर निघून गेलेली एक तरुणी, आणि १९९१च्या सप्टेंबरमध्ये आल्प्सच्या बर्फात सापडलेला, पाच हजारांहून जास्त वर्षांपूर्वीचा ‘आइसमन’. हा आइसमन साकारण्यासाठी बाहुली नाही, मेकअप नाही. एक मोडकी घडीची खुर्ची नट हातांनी धरतात आणि ती डोंगर चढते, धडपडते, आडवी होते. लाकडाच्या चार काटक्या थकलेल्या दिसू शकतात, हे कुणी सांगून पटणार नाही. शेवटी एकेक नट त्या प्रेताच्या जागी आडवा होतो, कुशीवर वळून दुसऱ्याला जागा देतो. माणसांची साखळी थांबतच नाही.

भारताशी थेट नातं जुळलं ते २००७च्या ‘अ डिसअपिअरिंग नंबर’मुळे. रामानुजन आणि हार्डी या दोन गणितज्ञांची गोष्ट. मायकल ओंडाटजे या लेखकाने मॅकबर्नीला हार्डीचं आत्मकथन वाचायला दिलं, तिथून ती सुरू झाली. नाटकाच्या आरंभी गणिताची प्राध्यापिका फळ्यावर एक अधिक दोन अधिक तीन असं अनंतापर्यंत लिहीत जाते आणि बेरीज मांडते: उणे एक छेद बारा. रामानुजनने १९१३ साली हार्डीला पत्रातून कळवलेली हीच ती चमत्कारिक बेरीज. तेवढ्यात एक पात्र प्रेक्षकांना सांगतं, की आपण नट आहोत, हा वर्ग खोटा, दरवाजा खोटा. खरं आहे ते फक्त गणित. नितीन साहनी यांचं संगीत, मंचावर तबला, आणि मद्रास, केंब्रिज व आजचं लंडन एकाच फळ्यातून आरपार जाणारी. त्या प्राध्यापिकेचा नवरा तिच्या मृत्यूनंतर तिचा फोन नंबर जपण्यासाठी कॉल सेंटरशी हुज्जत घालत राहतो. मेलेलं माणूस इथेही आहेच. या नाटकाला ऑलिव्हिए पुरस्कार मिळाला आणि २०१० साली त्याचे प्रयोग मुंबईत आणि हैदराबादला झाले. हैदराबादला तेव्हा जागतिक गणित परिषद भरली होती.

तक्रार करायची तर इथे करतो. नव्या शतकात मंडळीच्या कामात व्हिडिओ वाढत गेला. बुल्गाकोवच्या कादंबरीवरच्या २०११च्या ‘द मास्टर अँड मार्गारीटा’त तर भिंतीच्या भिंती प्रतिमांनी उजळून निघाल्या. दिपवणारं काम, वाद नाही. पण प्रक्षेपित चित्र प्रेक्षकासाठी काहीच शिल्लक ठेवत नाही. फडफडणाऱ्या पुस्तकाला आपण पक्षी करतो तेव्हा अर्धं काम आपलं असतं. पडद्यावर पक्षी उडाला की आपण नुसते बघे. मॅकबर्नीलाही हे जाणवलं असावं असं मला वाटतं, कारण २०१५च्या ‘द एन्काउंटर’मध्ये त्याने जवळजवळ सगळं काढून टाकलं. मंचावर तो एकटा आणि माणसाच्या डोक्याच्या आकाराचा एक मायक्रोफोन. प्रेक्षकांच्या कानांवर हेडफोन. १९६९ साली अमेझॉनच्या जंगलात वाट चुकलेल्या लोरेन मॅकिन्टायर या छायाचित्रकाराची ही कथा, आणि सगळं जंगल कानात उभं राहतं. पाण्याच्या बाटलीची नदी, चिप्सच्या पाकिटाचा जाळ. नट एकच, तरी पुस्तकाचा पक्षी करणारी जुनी रीत परत आली.

आता एकट्या दिग्दर्शकाला श्रेय देण्याचा प्रश्न. मंडळीच्या संहितांवर बऱ्याचदा सगळ्या कंपनीचं नाव असतं, पण जग तिला मॅकबर्नीची मंडळी म्हणूनच ओळखतं. संस्थापकांतला सातत्याने टिकलेला तोच. आर्डन ऑपेराकडे गेली, मान्यी अनेक दिग्दर्शकांकडे काम करत राहिला आणि २०२२च्या सप्टेंबरमध्ये वारला. त्याची बायको कॅथरिन हंटर ही या मंडळीची जुनी नटी; ओल्गा तोकारचुकच्या कादंबरीवरचं मंडळीचं पुढचं नाटक तिने त्यानंतर थोड्याच महिन्यांत मुख्य भूमिकेत उभं केलं. सामूहिक निर्मितीत शेवटची कात्री कुणाच्या तरी एकाच्या हातात असते, हे कबूल करायला हवं. मात्र कापायला कापड दहा जणांनी विणलेलं असतं, आणि ते विणायला वेळ लागतो.

हा वेळच या नाटकांतली सर्वांत महागडी गोष्ट आहे. ‘क्रॉकडाइल्स’चं सामान काय, तर जुनी पुस्तकं आणि लाकडी बाकं. पण त्याआधी कार्यशाळा झाल्या, नंतर तालमी झाल्या, आणि प्रयोग सुरू झाल्यावरही नाटक बदलत राहिलं. आपल्याकडचं व्यावसायिक नाटक महिना-दीड महिन्यात रंगमंचावर येतं. निर्मात्याला त्याहून जास्त परवडत नाही, आणि त्यात त्याची चूकही नाही. कॉम्प्लिसितेच्या मागे सरकारी कला परिषदेचं अनुदान असतं आणि एकेका नाटकात लंडन, व्हिएन्ना, अ‍ॅमस्टरडॅमची नाट्यगृहं आणि महोत्सव मिळून पैसे घालतात. संहिता छापलेल्या आहेत, कुणीही विकत घेऊ शकतं. त्या वाचून कुणाला नाटक बसवावंसं वाटलं, तर आधी दहा नटांचा काही महिन्यांचा पगार कुठून येणार, ते ठरवावं लागेल.