आधी काळवीट, मग कॅमेरा

'कॅमेरा घ्यायचाय, कुठला घेऊ?' कॉलेजच्या कट्ट्यावर हा प्रश्न टाकला की लगेच दोन पार्ट्या पडतात. एक कॅननची, दुसरी निकॉनची. हल्ली 'आता मिररलेसच घे' म्हणणारी तिसरीही असते. तासभर वाद रंगतो, पण फोटो कशाचे काढायचेत हे कुणी विचारत नाही. कर्जतच्या पोरापोरींना तर हेच आधी विचारायला हवं. कारण उसाचं बिल आल्यावर घरून कॅमेऱ्यासाठी पैसे मिळतात ते एकदाच, आणि आपल्याकडे बऱ्याच जणांचं खरं उत्तर असतं, रेहेकुरी.

रेहेकुरीचं काळवीट अभयारण्य १९८० सालचं. क्षेत्रफळ जेमतेम २.१७ चौरस किलोमीटर. गवताळ, उघडं माळरान, आडोसा कमी. तुम्हाला काळवीट दिसायच्या आधी त्याला तुम्ही दिसलेले असता. तो अंतर राखूनच उभा राहतो, आणि इथेच बॉडीवरचा सगळा वाद निकाली निघतो.

एक सोपं गणित करा. समोरच्या प्राण्याचं अंतर गुणिले सेन्सरची रुंदी, भागिले लेन्सची फोकल लेंग्थ. एवढ्या रुंदीची जागा फोटोत मावते. कॅननच्या सुरुवातीच्या कॅमेऱ्यांचा सेन्सर साधारण २२.३ मिलिमीटर रुंद असतो. सोबत मिळणारी १८-५५ किट लेन्स पूर्ण झूम केली, म्हणजे ५५वर नेली, तर ५० मीटरवर सुमारे २० मीटर रुंद माळ फोटोत येतो. त्यात काळवीट सव्वा मीटर. म्हणजे फोटोच्या सोळाव्या हिश्शात एक ठिपका, ज्याला मित्र 'शेळी आहे का रे?' म्हणणार. तेच २५० मिमीला नेलं की जागा उरते साडेचार मीटर आणि काळवीट चौथा हिस्सा व्यापतो. आता शिंगांचे पीळ दिसतात.

बॉडी दुप्पट महाग घेतली तरी हे गणित फारसं बदलत नाही. म्हणून पैसे आधी लेन्सचे बाजूला काढा, उरतील त्यात बॉडी. कॅनन १५००डी किंवा त्याच्या आधीचं सेकंडहँड मॉडेल, किट लेन्स आणि ५५-२५० एसटीएम, एवढ्यावर माझ्या मते पहिली दोन वर्षं आरामात निघतात. दोन्ही लेन्सच्या फिल्टरचा घेर ५८ मिमी, त्यामुळे एकच पोलरायझर दोघींना चालतो.

निकॉनवाल्यांनी जरा जपून. ७०-३००ची एएफ-पी लेन्स दोन प्रकारांत आली, एक व्हीआर असलेली आणि एक नसलेली. दिसायला जवळपास सारख्याच. हात हलण्याचा परिणाम कमी करते ती व्हीआरवाली, तीच घ्या. डी३१००सारख्या जुन्या बॉडीवर मात्र एएफ-पी लेन्स फोकसच करत नाही. उलट, स्वस्तात मिळणारी जुनी ५० मिमी 'डी' लेन्स डी३००० किंवा डी५००० मालिकेच्या कॅमेऱ्यांवर आपोआप फोकस करत नाही, कारण त्या बॉडीत फोकसची मोटरच नाही. म्हणून सेकंडहँड घेताना लेन्स आपल्याच बॉडीवर लावून बघा, दुकानदाराच्या नव्हे.

आता ॲक्सेसरीज. ऑनलाइन कॉम्बोमध्ये '२.२ एक्स टेली कन्व्हर्टर' म्हणून लेन्सच्या तोंडावर फिरवून बसवायची एक काच येते. तिने काळवीट जवळ येतो खरा, पण धुक्यातून आल्यासारखा. सोबतचा हलका ट्रायपॉडही २५० मिमीला माळावरच्या वाऱ्यात डुलतो. त्यापेक्षा घरी जाड कापडाची पिशवी शिवून घ्या आणि ज्वारीने पाऊण भरा. गाडीच्या खिडकीवर, मोटारसायकलच्या सीटवर किंवा जमिनीवर ठेवून तिच्यात लेन्स रुतवली की ती ढिम्म हलत नाही. ज्वारी तेवढी अधूनमधून बदला, नाहीतर किडे होतात.

हिवाळ्यात राशीनकडून भिगवणला जाऊन उजनीच्या पाण्यावर फ्लेमिंगो टिपायचे असतील, तर होडीत ट्रायपॉडचा काही उपयोग नाही. होडीच हलते. तिथे शटर स्पीड १/१०००च्या आसपास ठेवून कॅमेरा हातातच धरायचा.

खर्च करावा असं बाकी फार नाही. लेन्सचं हूड, रबरी ब्लोअर, दुसरी बॅटरी. आपल्याकडे दमटपणाने बुरशी येण्यापेक्षा धुळीचा त्रास जास्त. उघड्या माळावर लेन्स बदलू नका, आणि सेन्सरवर तोंडाने फुंकर तर अजिबात मारू नका, थुंकीचे डाग बसतात.

प्राण्यांमध्ये रस नसेल तर यादीच बदलते. गोदड महाराजांची रथयात्रा, पोळा, मैत्रिणीचे पोर्ट्रेट यांसाठी ५० मिमी एफ १.८ घ्या. एफ ५.६च्या तुलनेत ती जवळपास दहापट प्रकाश आत घेते, संध्याकाळी फरक लगेच कळतो. मात्र छोट्या घरात ग्रुप फोटोला ती उपयोगाची नाही, मागे सरकायला भिंत आडवी येते. लग्नाच्या ऑर्डरी घेऊन पैसे वसूल करायचा बेत असेल तर आणखी एक गोष्ट. १५००डीच्या हॉट शूमध्ये मधली पिन नाही, त्यामुळे बरेच स्वस्त फ्लॅश आणि ट्रिगर त्यावर पेटतच नाहीत.

सेकंडहँड बॉडी बघताना एफ १६ला पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा, सेन्सरवरची घाण काळ्या ठिपक्यांच्या रूपात दिसेल. लेन्समधून मोबाईलची टॉर्च मारा, कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी, व्यवहार तिथेच थांबवा. निकॉनच्या फोटो फाइलमध्ये शटर किती वेळा पडलंय ते सापडतं. कॅननच्या स्वस्त मॉडेलमध्ये ते सहजी कळत नाही, तिथे बिलाची तारीख बघा.

आणि रेहेकुरीत गेल्यावर पाठलाग करू नका. काळवीट वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. शिवाय पळवलेल्या प्राण्याचा फोटो म्हणजे फक्त पाठ. सकाळी लवकर जा, सूर्य पाठीशी ठेवून एका जागी बसा, शटर किमान १/५००. नर फ्रेममध्ये मोठा आला की त्याच्या काळ्या रंगाने कॅमेरा फसतो, फोटो उजळ करतो आणि पोटाचा पांढरा भाग जळून जातो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन उणे ०.७वर नेऊन बघा.