पाबळची शाळा, भिलाईचे हात

भिलाईचं सेक्टर २ म्हणजे पोलाद कारखान्याच्या जिवावर वसलेली वस्ती. १९५५ च्या भारत-सोव्हिएत करारातून हा कारखाना उभा राहिला आणि त्याच्याबरोबर फिटर, टर्नर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन यांच्या पिढ्या इथे घडल्या. अशा गावातही मुलांसाठी पर्यावरण शिक्षण म्हणजे पुस्तकातला धडा आणि ५ जूनचं वृक्षारोपण एवढंच राहावं, याची मला खंत वाटते. म्हणून पाबळच्या विज्ञान आश्रमाबद्दल सांगायचं आहे.

पाबळ हे पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातलं कमी पावसाचं गाव. हिंदुस्थान लिव्हरमधलं संशोधनाचं काम सोडून डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये इथे आश्रम सुरू केला. शाळेत मागे पडलेली पोरं हाताला काम मिळालं की विज्ञान भराभर आत्मसात करतात, यावर त्यांचा ठाम विश्वास होता. त्यातूनच आठवी ते दहावीसाठी मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख करून देणारा एक विषय आकाराला आला. शाळांत त्याला ‘आयबीटी’ म्हणतात. राज्य मंडळाने त्याला मान्यता दिली. आठवड्यातला एक दिवस या कामाचा. त्यात अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य असे चार विभाग.

शिकवायला गावातलेच हुन्नरी लोक येतात आणि मुलं गावाची खरी कामं करून देतात. मला या पद्धतीचं मोल इथेच दिसतं. फेरोसिमेंटची पाण्याची टाकीच घ्या. सळयांचा सांगाडा बांधायचा, त्यावर कोंबडीजाळी ताणून तारेने आवळायची, सिमेंट-वाळूचा पातळ थर दाबून भरायचा आणि मग न चुकता पाणी मारत राहायचं. पाणी मारण्यात हयगय झाली तर भेगा पडणार. टाकी गळली तर जिच्या दारात ती उभी आहे ती बाई जाब विचारणार. एवढ्या पातळ भिंतीला सिमेंट किती कमी लागलं, याचा हिशेब मुलांनीच मांडायचा. साधनं जपून वापरायला याहून चांगलं शिकवता येईल असं मला वाटत नाही. गृह-आरोग्यात मुलं हिमोग्लोबिन तपासायला शिकतात आणि तिथून गाडी थेट घरच्या ताटापर्यंत पोचते.

२००२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी संस्थेने आपल्या आवाराबाहेरची पहिली फॅब लॅब, म्हणजे संगणकाच्या मदतीने वस्तू घडवण्याची कार्यशाळा, पाबळला उभी केली. पुढच्याच वर्षी कलबाग गेले, पण काम थांबलं नाही.

पाबळला जी माणसं शोधावी लागली, ती आपल्या सेक्टरमध्ये दारोदारी आहेत. निवृत्त झालेल्या काका-काकूंनो, जवळच्या शाळेच्या मुख्याध्यापकांना भेटा आणि आठवड्यातले दोन तास मागून घ्या. सुरुवात शाळेतल्या गळक्या नळांपासून करा. पाना मात्र मुलांच्या हातात द्या.