निरमाला पावलं, नॅनोला नडलं

दुकानात गिऱ्हाईक प्रत्येक पुडा उलटून वाचत बसत नाही. बहुतेक नावांपुढे त्याच्या डोक्यात एखादाच शब्द असतो: स्वस्त, भारी, टिकाऊ. प्रतिस्पर्ध्याहून वेगळा शब्द मिळवण्याच्या या खटपटीला जाहिरातवाले 'पोझिशनिंग' म्हणतात. त्याविषयीचे काही गैरसमज.

गैरसमज : निरमाने सर्फचं गिऱ्हाईक पळवलं.
वस्तुस्थिती : 1969 मध्ये अहमदाबादेत करसनभाई पटेल सायकलवरून धुण्याची पिवळी पावडर विकू लागले, तेव्हा असंख्य घरांत कपडे वडीनेच घासले जात. सर्फ ऐपतदारांची. तिच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी भावात निरमाने मुख्यतः वडीवाल्या घरांना पावडरीकडे वळवलं. पुढे टीव्हीवरच्या पांढऱ्या फ्रॉकातल्या मुलीने या स्वस्त मालाला ऐटही दिली.

गैरसमज : स्वस्त प्रतिस्पर्ध्याला उत्तर म्हणजे भावकपात.
वस्तुस्थिती : सर्फने उत्तर दिलं ते जाहिरातीतल्या ललिताजीच्या तोंडून. भाजीवाल्याशी घासाघीस करणारी ही चोख गृहिणी हिशेब मांडते, की अर्धा किलो सर्फ किलोभर स्वस्त पावडरीइतकं काम करते. महाग सर्फ घेणं हा उधळेपणा नसून शहाणपण आहे, हे तिने पटवलं.

गैरसमज : नाव मोठं असलं की ते सगळ्या थरांत चालतं.
वस्तुस्थिती : निरमाच्या गिऱ्हाइकासाठी सर्फ बनवणाऱ्या हिंदुस्तान लिव्हरने सर्फचं नाव वापरलंच नाही, व्हील हा वेगळा ब्रँड उतरवला. स्वस्त पुड्यावर सर्फ छापलं असतं, तर ललिताजीचा हिशेब कंपनीनेच खोटा पाडला असता.

गैरसमज : ब्रँडची जागा कंपनी ठरवते.
वस्तुस्थिती : कंपनी प्रस्ताव मांडते, निकाल गिऱ्हाईक देतं. एकाच स्कूटरवर दाटीवाटीने बसणाऱ्या कुटुंबाला सुरक्षित गाडी मिळावी, हा टाटा नॅनोमागचा विचार. पण 2009 मध्ये बाजारात आलेल्या या गाडीच्या कपाळी 'सर्वांत स्वस्त' हा शिक्का बसला. तशी प्रसिद्धी होणं ही चूक होती, हे रतन टाटांनीही पुढे बोलून दाखवलं.

गैरसमज : स्वस्त असणं हा नेहमीच गुण.
वस्तुस्थिती : पावडरीचा पुडा मोरीत राहतो, तिथे वाचवलेला पैसा ही गृहिणीची हुशारी. गाडी दारात उभी असते. तिच्यावरून शेजारी ऐपत मोजतात. म्हणून ज्या शब्दावर निरमा घरोघरी पोचली, तोच नॅनोला पेलला नाही.