कणसाचे दाणे सुटावेत, बोटे शाबूत राहावीत

पावसाळा सुरू झाला, की मंडईत कोवळ्या मक्याचे ढीग दिसू लागतात. निखाऱ्यावर भाजलेल्या, लिंबू आणि तिखट-मीठ चोळलेल्या कणसाला सुरी लागत नाही. तेथे दात पुरेसे असतात. मात्र उसळ, उपमा, सूप किंवा भजी करायची म्हटली, की कच्चे दाणे कणसापासून वेगळे करावे लागतात. वरवर किरकोळ वाटणारे हे काम अनेकदा बोटावर बेतते. तसे झाले नाही, तरी अर्धे दाणे ओट्याखाली उडालेले आणि उरलेल्यांना टणक तुसे चिकटलेली, असा अनुभव बहुतेक घरांत येतोच.

याचे कारण कणसाच्या घडणीत आहे. कणीस गोल असते आणि सोलल्यावर त्याचा पृष्ठभाग ओलसर, गुळगुळीत होतो. दाणा मऊ, तर त्याखालचा दांडा लाकडासारखा कठीण. सुरी मऊ भागातून सहज पुढे जाते, दांड्याला अडते आणि जोर वाढवताच एकदम निसटते. त्याच क्षणी कणीसही फिरते. अशा वेळी ते धरणारा हात सुरीच्या वाटेत असेल, तर जखम ठरलेलीच. त्यामुळे कापायला सुरुवात करण्यापूर्वी कणसाचा गोलपणा घालवणे हे पहिले काम होय.

त्याची सर्वांत सोपी रीत म्हणजे कणीस उभे न धरता आडवे ठेवणे. चिरण्याच्या फळीखाली ओले फडके घालावे, म्हणजे फळी सरकत नाही. कणीस धुतले असल्यास ते आणि स्वतःचे हात कोरडे करून घ्यावेत. कणसाचा देठ तोडू नये. धरायला तो उपयोगी पडतो. देठाकडची बाजू डाव्या हाताने धरून, दुसऱ्या टोकाच्या दिशेने, म्हणजे हातापासून दूर, सुरी चालवत दाण्यांच्या दोन-तीन ओळींची पट्टी काढावी. हाताजवळ राहिलेले थोडे दाणे शेवटी कणीस उलटे धरून काढता येतात. पहिली पट्टी निघाली, की तेथे सपाट बाजू तयार होते. कणीस तिच्यावर टेकवले, की ते हलत नाही. पुढे प्रत्येक वेळी कापलेली बाजू खाली घेत कणीस फिरवत जावे. दाणे फळीलगतच पडत असल्याने ते उडण्याचा त्रासही फारसा होत नाही.

अनेकांना कणीस उभे धरून वरून खाली कापण्याची सवय असते. तसे करायचे असेल, तर आधी कणसाचे दोन तुकडे करावेत. लांब कणसापेक्षा आखूड तुकडा अधिक स्थिर उभा राहतो. दांडा सुरीने आरपार कापण्याचा अट्टाहास मात्र करू नये. मध्यभागी सुरीने सभोवार खाच पाडावी आणि दोन्ही हातांनी कणीस मोडावे. सपाट टोक खाली ठेवून, तुकडा वरच्या टोकाला बोटे आत वळवून धरावा. फळी मोठ्या परातीत ठेवली, तर उडालेले दाणे परातीतच राहतात. परातीत वाटी पालथी घालून तिच्यावर कणीस उभे करण्याची युक्तीही सांगितली जाते. पण स्टीलवर स्टील घसरते, हे लक्षात घेता तिच्या वाटेला न गेलेले बरे.

सुरी धारदार हवी. बोथट सुरी सुरक्षित असते, हा समज चुकीचा आहे. तिला जोर अधिक द्यावा लागतो आणि म्हणूनच ती अधिक निसटते. पातळ पात्याची, साधारण १५ ते २० सेंटिमीटर लांबीची सुरी या कामास योग्य. ती दाबण्याऐवजी करवतीप्रमाणे हलक्या हाताने मागेपुढे करावी. विळी मात्र येथे बाजूलाच ठेवावी. विळीचे पाते स्थिर असते आणि कणीस दोन्ही हातांनी पात्यावर सरकवावे लागते. म्हणजे प्रत्येक पट्टीगणिक बोटांची पेरे धारेजवळून जातात. सरावाच्या हातांना हे जमत असे. क्वचितच विळीवर बसणाऱ्यांनी तो प्रयोग करू नये.

आता प्रश्न उरतो तो खोलीचा, आणि नेटकेपणा त्यावरच अवलंबून आहे. दाणा मुळापासून निघावा या हव्यासाने सुरी दांड्याला भिडवली जाते. त्यामुळे दाण्याभोवतीची टणक तुसेही सोबत येतात, ती शिजत नाहीत आणि खाताना दातांत अडकतात. दाण्याचा वरचा दोन-तृतीयांश ते तीन-चतुर्थांश भाग कापावा आणि तळ दांड्यावरच राहू द्यावा. तो वाया जात नाही. सगळे दाणे निघाल्यावर सुरीची बोथट पाठ दांड्यावरून घट्ट ओढली, की राहिलेला गर आणि दुधासारखा रस निथळतो. दाण्याचा अंकुर तळाशी असल्याने त्याचा बराचसा भागही या खरवडण्यात मिळतो. सूप किंवा उपम्याला जो दाटपणा येतो, तो या रसामुळेच.

अर्थात हा रस सगळ्याच मक्यात सारखा नसतो. बाजारात ‘अमेरिकन मका’ म्हणून मिळणाऱ्या स्वीट कॉर्नमधील अतिगोड जातींचा पाया अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाचे संशोधक जॉन लॉफनन यांनी १९५० च्या दशकात घातला. या दाण्यांत साखर जास्त आणि पिष्ट कमी असते; त्यामुळे रस पातळ निघतो. साध्या मक्याची गोडी तोडणीनंतर झपाट्याने उतरते, कारण साखरेचे पिष्टात रूपांतर होत राहते. जुन्या प्रकारच्या स्वीट कॉर्नमध्ये ३० अंश सेल्सियस तापमानाला एका दिवसात निम्म्याहून अधिक साखर कमी होऊ शकते. म्हणूनच कणीस पानांसह आणावे, थंड जागी ठेवावे आणि आयत्या वेळी सोलावे. सोलल्यावर चिकटून राहणारे केस ओलसर फडक्याने टोकाकडून देठाकडे पुसले, की निघतात. यातील प्रत्येक केस एकेका दाण्याशी जोडलेला असतो, तेव्हा त्यांच्या संख्येचे आश्चर्य वाटायला नको.

गावठी मका थोडा जून असेल, तर सुरीची फारशी गरजच नसते. कणसावर दाण्यांच्या ओळी जोडीने येतात, त्यामुळे त्यांची संख्या जवळजवळ नेहमी सम असते. चमच्याच्या टोकाने एक ओळ उचकटून काढली, की शेजारच्या ओळीला कलंडायला जागा होते. मग अंगठ्याने त्या मोकळ्या चराकडे दाबत गेल्यास दाणे अंकुरासह अख्खे सुटतात. उसळीसाठी हीच रीत उत्तम. मुलांच्या हाती द्यायचे तर हेच काम द्यावे. अगदी कोवळे दाणे मात्र असे दाबल्यास फुटतात. कणीस आधी उकडले, तर दाणे घट्ट होऊन सोपे सुटतात. पण ते पुरते निवू द्यावे.

कीस करण्यासाठी कणीस थेट किसणीवर घासले जाते. इंदूरच्या सराफा बाजारात रात्री मिळणारा हा पदार्थ तेथील मराठी घरांतही रुळलेला आहे. येथे धोका बोटांच्या पेरांना असतो. देठ धरून किसावे आणि दांडा लागू लागताच थांबावे.

इतके करूनही बोट कापलेच, तर वाहत्या पाण्याखाली जखम धुऊन स्वच्छ कापडाने सलग १० मिनिटे दाबून धरावी, मध्येच उघडून पाहू नये आणि हात उंच ठेवावा. जखमेत हळद किंवा कॉफीची पूड भरण्याची घरगुती सवय सोडलेली बरी. त्याने जखमेची खोली डॉक्टरांना नीट दिसत नाही. रक्त थांबत नसेल, बोटाचे टोक बधिर वाटत असेल किंवा वाकत नसेल, तर कंडरा अथवा मज्जातंतू कापला गेल्याची शक्यता असते. अशा वेळी पट्टी बांधून दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता त्वरित रुग्णालय गाठावे. धनुर्वाताची लस केव्हा घेतली होती, हेही तेथे सांगावे.

काढलेले दाणे झाकून शीतकपाटात ठेवले, तर दोन दिवसांत वापरावेत. अधिक टिकवायचे असल्यास क्रम उलटा करावा: अख्खे कणीस चार-पाच मिनिटे उकळत्या पाण्यात, मग लगेच बर्फाच्या पाण्यात आणि त्यानंतर दाणे कापून फ्रीजरमध्ये. आधी कापलेले दाणे उकळले, की त्यांची बरीच साखर पाण्यात उतरते. खरवडलेले दांडेही लगेच टाकून देऊ नयेत. पाण्यात अर्धा तास उकळल्यास त्यांचा फिकट गोडसर अर्क निघतो आणि तो सुपासाठी वापरता येतो. तो गाळून घ्यावा, कारण दांड्याची बारीक तुसे त्यात सुटतात.